दुपारचा श्वास

१

सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मास्तरांचा मेंदू मेला आहे, आणि दुपारी मास्तर श्वास घ्यायला लागले.

निदान यंत्राचं तरी तसं म्हणणं होतं. अतिदक्षता विभागातल्या कोपऱ्यातल्या खाटेशेजारी ते यंत्र उभं होतं. परवा डोक्यातली रक्तवाहिनी फुटून मास्तर कोसळले, तेव्हापासून त्यांच्या छातीत हवा भरायचं काम तेच करत होतं. त्याच्या पडद्यावर आता मधूनमधून एक हिरवी खूण उमटत होती. ही खूण दिसली म्हणजे श्वास यंत्राने आपणहून दिला नाही, रुग्णाने मागून घेतला. काल दुपारपासून ती एकदाही दिसली नव्हती.

सगळ्यात आधी ती पाहिली उस्तादने. उस्ताद म्हणजे मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मेकॅनिक आणि शाळेत एका बाकावर बसायचे तेव्हापासूनचा दोस्त. तो असा ओरडला की बाहेर बाकावर बसलेली मास्तरांची बायको चप्पल न घालताच आत धावली आणि तिच्यामागून मास्तरांची थोरली बहीण.

डॉक्टरीणबाईही धावत आल्या. त्यांनी पडदा पाहिला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा श्वास असेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र कधीकधी फसतं. जरा बघू द्या मला."

त्यांनी हात पुढे केला मात्र, उस्ताद मध्ये आडवा उभा राहिला. "यंत्राला हात लावायचा नाही! सकाळी मेला म्हणून मोकळ्या झालात. आता तो बिचारा धडपडतोय, तर हे बंद करून त्याला खरंच माराल!"

"उस्ताद, बाजूला व्हा."

"नाही होणार. काय करायचं ते करा."

उस्तादचा पंजा फावड्याएवढा होता आणि डोळे लाल झाले होते. डॉक्टरीणबाई मागे सरल्या. "रुग्णाच्या उशाशी मी झटापट करणार नाही," त्या थंडपणे म्हणाल्या. "संध्याकाळी दुसरी तपासणी आहे. तोवर घरच्यांनी आपसात काय ते ठरवा."

त्या गेल्यावर मास्तरांची बायको थोरल्या नणंदेकडे वळली.

"ताई, तुम्ही जन्मभर लोकांचं खोटं पकडलंत. हे खरं की खोटं, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानेन. बाकी कुणाचं नाही."

२

ताई विमा कंपनीत दाव्यांचा तपास करून निवृत्त झाल्या होत्या. आग लागलेल्या गोदामाची राख चिवडायची, चोरीला गेलेल्या गाडीच्या मालकासोबत चहा प्यायचा आणि तिसऱ्या घोटाला तो काय लपवतोय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना चाळणी म्हणत. घरीही काही वेगळं नव्हतं. भाजीवाल्याने मूठभर जास्त घातली तरी त्या घरापर्यंत विचार करत यायच्या, की का बरं घातली असेल?

पण आज पहिल्यांदाच त्यांना आपल्या हाती काही लागू नये असं वाटत होतं. खाटेवर पडलेला माणूस जगासाठी मास्तर असेल, त्यांच्यासाठी तो बारक्या होता. आई गेल्यावर त्यांनीच त्याला न्हाऊ-माखू घातलेलं. ती हिरवी खूण खरी निघाली तर बारक्या घरी येणार होता. खोटी निघाली, तर तसं आपल्याच तोंडाने सांगावं लागणार होतं.

त्या बाहेर बाकावर बसल्या आणि सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणली.

तपासणीआधी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि उस्तादला खाटेशी उभं करून सगळं समजावलं होतं. भावजयीच्या जिवाला ते झेपेना, म्हणून ती बाहेरच बसली होती. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "रुग्णाने हवा ओढायचा जरा जरी प्रयत्न केला, तरी यंत्र ओळखतं, श्वास देतं आणि ही खूण दाखवतं." उस्तादने विचारलं होतं, "जरा जरी म्हणजे किती ओढायची?" डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं होतं. "इथे ठरवलेलं असतं. अगदी थोडी." मग ताईंनीही दहा प्रश्न विचारले होते.

मग तपासणी झाली. डोळ्यांवर प्रकाश टाकला, कानात गार पाणी सोडलं, घशात नळी हलवून पाहिली. कशालाच काही उत्तर आलं नाही. शेवटी मास्तरांना यंत्रापासून सोडवलं. फुप्फुसात नुसता प्राणवायू सोडणारी एक बारीक नळी ठेवली आणि सगळे छातीकडे बघत राहिले. उस्तादने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. ताई मात्र पापणी न लवता बघत होत्या, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायची त्यांना सवय नव्हती. छाती हलली नव्हती.

आणि आता ही खूण. म्हणजे एकतर सकाळी कुणी खोटं बोललं होतं, नाहीतर दुपारी कुणी बोलत होतं.

तिसरीही एक शक्यता होती, कुणीच खोटं बोललं नसल्याची, आणि ताईंना तीच हवी होती. त्या उठल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघाल्या. दार अर्धवट उघडं होतं. आत भावजय खाली मान घालून उभी होती, आणि डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात तिला म्हणत होत्या, "हे तूर्त कुणालाच सांगू नका. ताईंनाही."

३

भावजय बाहेर आली आणि ताईंना समोर पाहून पांढरीफटक पडली. ताईंनी तिला जाऊ दिलं. माणूस घाबरलेला असताना विचारलं तर तो रडतो, थोड्या वेळाने विचारलं तर बोलतो, हा त्यांचा अनुभव होता. त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या.

"एकच विचारते, डॉक्टर. मेलेला मेंदू परत येतो का?"

"नाही."

"पेपरात येतं की. वर्षानुवर्षं बेशुद्ध होता, उठून बसला."

"बेशुद्धी वेगळी. तिथे मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो. त्यातली काही माणसं उठतात, आम्हीही पाहिली आहेत. इथे मेंदूला रक्तच पोचत नाहीये. आणि मेंदू मेला म्हणून सांगितलेला माणूस परत आला असं जिथे ऐकू येतं, तिथे नीट खोदलं की तपासणीच कच्ची निघते. अंगात गुंगीचं औषध असतं, किंवा शरीर गार पडलेलं असतं."

"मग बारक्याच्या अंगात काय होतं?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, हे ताईंनी टिपलं. "झोपेचं औषध दिलंच नव्हतं. तरी रक्त तपासून घेतलं. ताप नाही, अंग गार नाही. मेंदूचं चित्र तुम्ही स्वतः पाहिलंत. आणि सकाळी मी एकटी नव्हते, बाहेरचे दुसरे डॉक्टर होते."

"आणि हृदय? ते कसं धडधडतंय?"

"हृदयाची ठिणगी हृदयातच असते. प्राणवायू मिळतोय तोवर ते मेंदूला न विचारता चालतं. काही काळच."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "आमच्या भावजयीला काय लपवायला सांगत होतात?"

"ते त्यांनाच विचारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर सिस्टर औषधांच्या गाडीशी उगाच खुडबुड करत होती. मघापासून ती ताईंची नजर चुकवत होती. ताईंनी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून नुसतं तिच्याकडे पाहिलं. चाळणीची ही जुनी युक्ती होती. लोकांना प्रश्न सोसतो, गप्प बसलेली बाई सोसत नाही.

"बाई, माझी नोकरी जाईल," सिस्टर शेवटी म्हणाली.

"कशाबद्दल?"

"भेटायची वेळ नसताना मी आत सोडलं. तपासणीनंतर. आधी तुमच्या वहिनींना. त्या पायाशी बसून रडल्या आणि गेल्या. मग उस्तादना. म्हणाले, दोन मिनिटं बसतो. मी पलीकडच्या खाटेवर होते, पडदा ओढलेला होता."

"यंत्रावरचे आकडे कुणालाही बदलता येतात?"

"कुलूप लावायची सोय आहे. पण नळी साफ करताना आम्ही ते उघडतो, आणि..." तिने गाडीवरची एक बाटली उगाच सरकवली. "परत लावायचं राहून जातं."

म्हणजे बारक्याच्या उशाशी दोघं जण एकेकटी बसली होती, आणि यंत्र सताड उघडं होतं.

भावजय जिन्यात सापडली. तिने वाट पाहिली नाही, स्वतःच बोलली.

"ताई, मला शिव्या द्या. सकाळी तपासणी झाल्या झाल्या मीच डॉक्टरांना विचारलं, ह्यांचे अवयव देता येतील का? हे नेहमी म्हणायचे, गाडी भंगारात गेली तरी पार्ट चांगले असतात. दुसरी तपासणी होईपर्यंत कुणाला सांगू नका, म्हणाल्या डॉक्टर. आणि दुपारी ह्यांनी श्वास घेतला! जिवंत माणसाचा सौदा केला हो मी!"

ती ताईंच्या खांद्यावर कोसळली. ताईंनी तिला धरून ठेवलं. तिने श्वासाचं सोंग उभं केलं असेल हा संशय मात्र तिथेच गळून पडला. स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीला माणूस असा भीत नाही. डॉक्टरीणबाईंना तर त्या खुणेने तोंडघशी पाडलं होतं, आणि सिस्टरचा त्यात काही फायदा नव्हता.

उरला एकच. पण तो तर बारक्याला वाचवायला उभा होता!

४

खाटेशी उस्ताद पहाऱ्यावर असल्यासारखा बसला होता. ताईंना पाहून त्याने स्टूल सरकवलं, पण स्वतः जागचा हलला नाही.

"बघा ताई. बघा, परत आली. घेतोय की नाही?"

ताई बसल्या. पडद्याकडे बघायचं सोडून त्यांनी भावाचा हात हातात घेतला. तो ऊबदार होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्यांची बोटं आपोआप त्याच्या मनगटावर गेली. बारक्याला ताप आला की त्या अशाच नाडी बघत बसायच्या.

टप, टप, टप. आतून नाडी ठोके देत होती. ताईंनी नजर वर केली. हिरवी खूण उमटली, नेमकी ठोक्यावर. योगायोग असेल म्हणून त्यांनी पुढची पाहिली. तीही ठोक्यावर. त्यानंतरचीही. एकही खूण दोन ठोक्यांच्या मध्ये पडली नाही.

माणूस श्वास घेताना नाडीशी ताल धरत नाही. धडपडणारा माणूस तर नाहीच. हृदय ठोका देत होतं, त्या धक्क्याने छातीतली हवा किंचित हलत होती, आणि ती हालचाल यंत्राला श्वासाची ओढ वाटत होती. पण मग सकाळी का वाटली नव्हती? तेव्हाही हृदय चालूच होतं.

सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये कुणीतरी यंत्राचा कान जास्त तिखट केला होता.

ताईंनी हात सोडला नाही. बारक्या घरी येणार नव्हता. हे आता जगात त्यांना एकट्यांनाच ठाऊक होतं, आणि क्षणभर त्यांना वाटलं की गप्प बसावं. भावजयीने शब्द दिला होता, ताई म्हणतील ते मानेन. श्वास आहे म्हटलं असतं, तर आणखी दोन दिवस तरी हा ऊबदार हात हातात राहिला असता.

मग त्यांनी यंत्रासमोर पाय रोवून बसलेल्या उस्तादकडे पाहिलं.

"उस्ताद," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना आणि माझ्या भावजयीला बोलवा. तुम्ही काय केलंत, ते मी तुमच्यासमोरच सांगणार आहे."

५

चौघं खाटेभोवती उभी राहिली. ताईंचा आवाज कचेरीत असायचा तसा कोरडा होता, कारण ओला होऊ दिला असता तर तो फुटला असता.

"मघाशी डॉक्टर पुढे आल्या तेव्हा उस्ताद आडवे झाले. कुणाच्या आडवे? बारक्याला हे लोक मारतील अशी भीती होती, तर बारक्यापुढे उभं राहायचं. हे यंत्रापुढे उभे राहिले. आत्ताही तिथेच आहेत."

उस्ताद यंत्राला आणखी चिकटून उभा राहिला.

"सकाळी डॉक्टर इतकं काही सांगत होत्या. मी विचारलं माणसाबद्दल, ह्यांनी विचारलं यंत्राबद्दल. किती ओढायची? आणि तो आकडा कुठे असतो, ते डॉक्टरांनी बोटाने दाखवलं. माझी भावजय तेव्हा बाहेर होती. ऐकलं ते आम्ही दोघांनी. पण का केलं, ते मला कळेना. डॉक्टरांना फसवायचं? उस्तादना खोटं बोलता येत नाही, पत्त्यांतसुद्धा हरतात. मग मला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आठवली."

भावजय चमकून उस्तादकडे बघायला लागली.

"शिकायला एखादी बारीक चणीची बाई आली, पायात जोर नाही, क्लच दाबला जात नाही. मग हे काय करतात? क्लच हलका करून देतात. बाई शिकते. हो की नाही, उस्ताद?"

उस्तादचा चेहरा आक्रसला. "मग चुकलं काय माझं?" तो फुटला. "तो आतून दाबत असणार! जोर नाही बिचाऱ्याच्या अंगात, म्हणून ह्या मशीनला कळत नाही. आणि हे म्हणतात मेला! मी थोडं हलकं केलं. थोडंच! आणि त्याने लगेच घेतला की नाही श्वास? ताई, मी खोटं नाही केलं. मी नुसतं हलकं केलं."

कुणालाच त्याच्यावर रागावता येईना. डॉक्टरीणबाईंनी सावकाश पुढे होऊन तो आकडा होता तिथे नेला. हिरवी खूण थांबली.

"थांबणारच!" उस्ताद म्हणाला. "परत जड केलंत ना!"

बोलणं खोटं नव्हतं, आणि ताईंना ते आधीच दिसलं होतं. "बरोबर आहे. एवढ्याने काहीच ठरत नाही. डॉक्टर, पुन्हा हलकं करा." खूण परत आली. "उस्ताद, ह्याचं मनगट धरा. नाडीवर बोट ठेवा. आता पडद्याकडे बघा."

उस्तादने बोट ठेवलं. जन्मभर इंजिनाला कान लावलेला माणूस तो. त्याला फार वेळ लागला नाही.

"ठोक्यावर येतंय," तो पुटपुटला. "प्रत्येक ठोक्यावर नाही, पण येतंय ते ठोक्यावरच."

"हृदयाचा धक्का आहे तो. क्लच इतका हलका झाला, की गाडीच्या हादऱ्यानेच दाबला जातोय. पाय कुणाचाच नाही."

"पण पाय असेलही! हादरासुद्धा असेल आणि पायसुद्धा!"

"मग सकाळी?" ताई म्हणाल्या, आणि इथे त्यांचा आवाज ओला झालाच. "सकाळी ह्याला यंत्रापासून सोडवलं होतं. तेव्हा क्लचच नव्हता, जडही नाही आणि हलकाही नाही. छाती हलवायला यंत्राची मर्जी लागत नव्हती. नुसती मुंगीएवढी हलली असती, तरी मी हे हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मी बघत होते, उस्ताद. माझा भाऊ आहे तो. मी शेवटपर्यंत बघत होते."

भावजयीने पदर तोंडात कोंबला. उस्ताद मनगट धरून तसाच उभा राहिला. मग मनगट अलगद खाली ठेवून तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "संध्याकाळी मी आत थांबलो तर चालेल?"

६

संध्याकाळी त्याने भिंतीकडे तोंड केलं नाही. यंत्र सोडवलं, बारीक नळी तेवढी राहिली, आणि उस्ताद मास्तरांच्या उघड्या छातीवर नजर लावून उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी रक्त काढून तपासायला दिलं. श्वास घ्यायला भाग पाडेल इतका कार्बन डायऑक्साइड रक्तात साठला होता, तरी छाती हलली नाही. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहून वेळ सांगितली. कायद्याच्या हिशेबाने मास्तर आता गेले होते.

"अवयव द्यायचे," भावजय म्हणाली. ह्या वेळी ती सगळ्यांदेखत, मोठ्याने म्हणाली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग व्हरांड्यात ताई आणि उस्ताद बाकावर बसले. उस्तादने दोन्ही पंजे गुडघ्यांत दाबून धरले होते.

"ताई, दुपारी मी त्याच्याशी बोललो."

"कुणाशी?"

"मास्तरशी. म्हटलं, ऐकू येत असेल तर श्वास घे. घेतला त्याने, लगेच. मग म्हटलं, माझ्यावर रागावला नसशील तर घे. तेव्हाही घेतला." त्याने ताईंकडे पाहिलं. "मग ते काय होतं? तो नव्हता?"

'होता', एवढा एक शब्द पुरला असता. पण ताईंनी जन्मात खोटा दावा मंजूर केला नव्हता.

"तो नव्हता," त्या म्हणाल्या. "ठोका होता. पण बारक्या रागावला नव्हता, हे मी सांगते. त्याला राग धरताच यायचा नाही. मी त्याला लहानाचा मोठा केलाय, मला यंत्राला विचारावं लागत नाही." आणि मग सवयीने त्यांच्या तोंडून गेलंच, "पण रागावणार कशाबद्दल होता तो?"

उस्तादने मान खाली घातली.

"परवा सकाळी म्हणाला, डोकं ठणकतंय, असं कधी दुखलं नव्हतं. दवाखान्यात जाऊन येतो. मी म्हटलं, नाटकं करू नकोस, माणसं येऊन थांबलीत, एवढ्यांना शिकव आणि जा." त्याने पंजे आणखी घट्ट दाबले. "गेला असता तर वाचला असता का हो?"

समोरून डॉक्टरीणबाई येत होत्या. त्यांना सगळं ठाऊक असणार. रक्तस्राव केव्हा सुरू झाला, किती वेळ हातात होता, आधी आणला असता तर काय झालं असतं. विचारलं असतं तर त्यांनी नीट, खरं सांगितलं असतं. उस्ताद तोंड उघडणार एवढ्यात त्या दोघांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काही विचारायचंय का?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

ताईंनी उस्तादचा पंजा आपल्या हातात घट्ट धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही विचारायचं नाही."